मेंढरांवर मांडलेला अभ्यास

बिरप्पा मॅट्रिकला पहिल्या खेपेला बसला आणि आपटला. सोलापुरातून चार कोस चालत तो सीनेच्या काठी आपल्या वाड्यावर आला, खांद्यावरची पुस्तकांची गाठोडी बाभळीच्या बुडाशी टाकली आणि म्हणाला, "नापास झालो, आये."

केराबाईनं हा शब्द पहिल्यांदाच ऐकला. चांगला नाही एवढं तिला पोराच्या तोंडावरून कळलं. "म्हंजे फिरून शाळंत बसायचं व्हय?"

"शाळा आता घेत न्हाय. घरीच वाचायचं आन् फिरून परीक्षा द्यायची."

"मग वाच की. मी कुटं वाचू नगं म्हनते?"

वाडा म्हणजे घर नव्हे. वाघर म्हणजे मेंढरं कोंडायची जाळी. ती खुंट्यांवर ताणली, शेजारी एक पाल ठोकलं, तीन दगडांची चूल मांडली, की झाला धनगराचा वाडा. बाप आण्णा, आई केराबाई, हा एकुलता एक मुलगा आणि तीन विसा सात, म्हणजे सदुसष्ट मेंढरं एवढा त्यांचा संसार. त्यातून हा पोरगा शाळेत कसा गेला ती वेगळी गोष्ट आहे. गंगाधर मास्तरांनी त्याला हाताला धरून नेलं होतं आणि सातवीपर्यंत मारून, पुढं समजावून, मॅट्रिकपर्यंत आणलं होतं.

नापास झाल्यावर केराबाई मास्तरांना भेटायला गेली. मास्तर ओसरीवर विडा लावत बसले होते.

"पोराला येतं सगळं," मास्तर म्हणाले. "वर्गात विचारा, घडाघडा सांगतो. पण ही परीक्षा मुंबईच्या युनिव्हर्सिटीची. पुण्याला नेऊन त्या मोठ्या हॉलमध्ये बसवला की याची पाटी कोरी. पुस्तक समोर असतं तोवर येतं, पुस्तक मिटलं की गेलं. ध्यानात कसं ठेवायचं हेच त्याला ठाऊक नाही, केराबाई."

"मार कमी पडला असंल."

"मार भरपूर झाला," मास्तर म्हणाले.

तो पावसाळा बिरप्पानं मेंढरांमागं काढला. मेंढरं चरायची, हा झाडाखाली मान हलवत एकच पान दहादा म्हणायचा. आण्णा लांबून बघायचा आणि म्हणायचा, "मेंढरू रवंथ करतंय, ल्योकबी रवंथ करतोय. मेंढराच्या अंगाला तरी लागतं." बिरप्पा तेच पान अकराव्यांदा धरायचा.

एक दिवस दिवेलागणीला मेंढरं वाघरीत शिरत होती. केराबाई जाळीचं तोंड धरून उभी होती. शेवटचं मेंढरू आत गेलं तशी ती म्हणाली, "पोरकी आली न्हाय."

बिरप्पानं आत शिरून मोजली. सहासष्ट भरली. पोरकी नावाची ती मेंढी ओढ्यात करवंदीच्या जाळीत अडकलेली सापडली. तिला खांद्यावर टाकून परत येताना त्यानं विचारलं, "तुला इसाच्या म्होरं मोजता येत न्हाय. मग एक कमी हाय हे कसं कळलं?"

"दिसली न्हाय की."

"एवढी मेंढरं ध्यानात ठिवतीस तरी कशी?"

"ध्यानात कशाला ठिवायची? जवारी हाय व्हय कणगीत भरायला? मेंढरू समोर आलं की त्याचं सारं मागनं येतं. काळतोंडी दिसली की तिची आई दिसती. ती कंच्या रानात इयाली, तिला कुत्रं कवा चावलं, सारं रांगेनं येतं. मी काय करत न्हाय."

दुसऱ्या दिवशी त्यानं पुस्तक उघडलं आणि कळपाकडं बघत बसला.

त्यानं काय केलं, तर एकेका मेंढरावर एकेक धडा ठेवला. कळपाच्या म्होरक्या काळतोंडीवर पानिपतची मोठी लढाई ठेवली. दोन कोकरं देणाऱ्या बांडीवर भूमितीचा दोन भागांचा सिद्धान्त. कपाळावर पांढरा ठिपका असलेल्या चांदणीवर ग्रह आणि ग्रहणं. घोगऱ्या आवाजात ओरडणाऱ्या घोगरीवर इंग्रजी निबंधाची सुरुवात. आखूड कानांची भुंडी होती, तिच्यावर सुएझचा कालवा. लंगडीवर माघार घेतलेल्या सगळ्या फौजा. असं करत करत सदुसष्ट मेंढरांवर त्यानं मॅट्रिकचा सारा अभ्यास मांडला.

संध्याकाळी केराबाई वाघरीचं तोंड जरासंच उघडं ठेवायची आणि एकेक मेंढरू मानेला धरून थांबवायची. "हिचं?" म्हणून विचारायची. बिरप्पा त्या मेंढराचा धडा इंग्रजीतून म्हणायचा. म्हणून झाला की मेंढरू आत. आठवला नाही तर मेंढरू बाहेरच थांबायचं, मागची ढकलाढकली करायची आणि आण्णा पालातून ओरडायचा, "आरं, सोडा की त्यास्नी. त्येंनी काय फी भरलीया?"

महिनाभरात एक गोष्ट झाली, जिचा बिरप्पानंही विचार केला नव्हता. केराबाईला सारे धडे येऊ लागले. त्यातला एक शब्द तिला कळत नव्हता. पण जात्यावरच्या ओव्या जशा एकदा ऐकून बसतात तसे ते आवाज तिच्या कानात बसले. एक दिवस ती म्हणाली, "आज बांडीचं मधलं खाल्लंस."

"न्हाय खाल्लं."

"खाल्लंस. 'देअरफोर' दोनदा येतंय. तू एकदाच म्हनलास."

त्यानं पुस्तक उघडून पाहिलं. तिचंच बरोबर होतं.

"बग बाबा," आण्णा म्हणाला. "मेंढरं मॅट्रिक झाली, आता बाईल बी हुतीया. आपुन दोगंच अडाणी र्‍हातो का काय."

पण त्याच आण्णानं एके दिवशी बाजारातून येताना पोरासाठी नवी दौत आणली आणि पालाच्या खांबाला टांगली.

दिवाळीनंतर मास्तरांनी बिरप्पाला शहरात बोलावून घेतलं. नुसतं म्हणून भागत नाही, घड्याळ लावून लिहायचा सराव पाहिजे, असं त्यांचं म्हणणं होतं. सुंदरम्मा नावाच्या एका तेलुगू विणकर विधवेच्या पडवीत त्याला जागा मिळाली. पलीकडं तिचा माग दिवसभर खटखटायचा, अलीकडं हा लिहायचा. गिरणीचा पहिला भोंगा झाला की उठायचं, दोन पेपर लिहायचे, मास्तरांकडून तपासून आणायचे, चुकलेलं फिरून लिहायचं. कंटाळा आला तर मास्तरांनी एकच उपाय सांगितला होता. उठून तोंड धुवायचं आणि परत बसायचं.

सुंदरम्मा केराबाईला म्हणाली, "तुझा पोरगा डोळा झाकून बसतो. आणि तोंडानं हिर्र हिर्र करतो. याला काय लागलं काय?"

"मेंढरं वाघरीत घालतोय," केराबाई म्हणाली.

दर मंगळवारी बाजाराला म्हणून केराबाई चार कोस चालत यायची. आठवड्याच्या भाकरी, तिळाची चटणी आणि कांदे पडवीत ठेवायची आणि पोरासमोर बसायची. तिथं मेंढरं नव्हती. ती नावं घ्यायची, तो डोळे मिटून धडे म्हणायचा. कळप वाघरीत शिरायचा त्याच क्रमानं, काळतोंडीपासून पोरकीपर्यंत. सुंदरम्मा माग थांबवून ऐकत बसायची.

पौष सरता सरता देवी आल्या.

माणसांना येतात तशाच मेंढरांनाही येतात. अक्कलकोटकडून आलेला एक कळप ज्या पडीक रानात बसून गेला होता, तिथंच आण्णानं वाघर ठोकली होती. त्याला ते माहीत नव्हतं. आधी एक कोकरू गळाठलं. केराबाईनं त्याची शेपटी उचलून पाहिली तर खाली लाल गाठी उठलेल्या. तिनं कडुलिंबाचे डहाळे तोडून आणले आणि वाघरीला बांधले. चुलीवर फोडणी बंद केली. देवी घरात असताना तेल तडतडवायचं नाही, हे तिला सासूनं शिकवलं होतं. पण देवीला पाहिजे ते ती घेऊन गेली. पाच दिवसांत त्या हंगामातली सगळी कोकरं गेली. मग मोठी मेंढरं नाकातून पाणी गाळत एका जागी उभी राहू लागली. रानाचे मालक काठ्या घेऊन आले, आमच्या बांधावर थांबू नका म्हणाले. एरवी खतासाठी हेच लोक मेंढरं बसवायला बोलवायला यायचे.

मोठ्यांत पहिली काळतोंडी गेली. आण्णानं खड्डा काढला.

पुढच्या मंगळवारी केराबाई सांगायचं ठरवूनच निघाली होती. पडवीत बसली, भाकरी सोडल्या. बिरप्पा सुकला होता, डोळ्यांखाली काळं आलं होतं, पण पुष्कळ दिवसांनी हसत होता. मास्तरांनी इतिहासाच्या पेपरवर चांगलं लिहिलंस असा शेरा दिला होता.

"काळतोंडीवर लढाई ठिवली ती लई बेस झालं, आये," तो म्हणाला. "डोळं मिटलं की ती म्होरं येती आन् बाकीची तिच्या मागनं. बरी हाय न्हवं ती?"

"हाय की," केराबाई म्हणाली.

परत आल्यावर आण्णानं विचारलं, "सांगितलंस?"

"न्हाय."

"का?"

"तिच्यावर त्येची लढाई हाय."

"मेंढरू मेलं म्हून लढाई मरती व्हय? कागदावर लिवलीया ती."

"कागदावरचं त्येला आठवत न्हाय, म्हून तर सारं केलं. डोळं मिटून तो वाघरीत बगतो. तितं काळतोंडी न्हाय दिसली तर मागची कशाच्या मागनं येतील?"

आण्णा कुदळ उचलून ठेवायला उठला. सकाळी त्याला आणखी दोन खड्डे काढायचे होते.

परीक्षेला सहा आठवडे उरले होते. ते सहा आठवडे केराबाईनं कसे काढले ते तिलाच माहीत. बुधवार ते सोमवार ती मेंढरं पुरत होती आणि मंगळवारी पडवीत बसून त्यांची नावं घेत होती. मेलेल्या जनावराचं नाव घेऊ नये, ते माघारी वळतं आणि आणखी एकाला घेऊन जातं, असं तिची सासू सांगायची. केराबाई नाव घ्यायची आणि जीभ चावायची. घरी आल्यावर आणखी एखादं मेंढरू आडवं झालेलं असायचं, तेव्हा तिला वाटायचं, हे आपल्याच तोंडानं झालं. तरी पुढच्या मंगळवारी ती परत नाव घ्यायची.

भीती तिला दुसरीच होती. मेंढरू गेलं, मातीत गेलं, आता त्याच्यावरचा धडा किती दिवस टिकणार? पाऊस पडला की पुरलेल्या जागेचा उंचवटासुद्धा बसतो. जी जिवंत होती त्यांची तिला काळजी नव्हती. ती चरत होती, त्यांचे धडे त्यांच्या अंगावर होते. म्हणून मेलेल्यांचे धडे ती पुन्हा पुन्हा विचारायची. काळतोंडीचं काय? बांडीचं? चांदणीचं म्हण. फिरून म्हण. घोगरीचं मधे अडखळलास, फिरून म्हण. मरणारी वाढत गेली तशी मंगळवारची दुपार त्यांनाच पुरेना. ऊन उतरलं की तिला चार कोस जायचं असायचं. जिवंत मेंढरं तशीच राहून जायची.

"लई कडक मास्तरीण झालीस," बिरप्पा एकदा म्हणाला.

"तुझा मास्तर बामण हाय. त्येला आता मारायला जीव हुत न्हाय."

शेवटच्या मंगळवारी तिनं नेहमीसारखी सुरुवात केली. पाच-सहा नावं झाली. बिरप्पा धडाधड म्हणत होता. मग त्यानं डोळे उघडले. "भुंडीचं इचार की, आये."

"भुंडीचं काय, ते येतंच तुला."

"इचार."

"हं. भुंडीचं?"

तो सुरुवातीला बोलला, मग थांबला. कपाळाला हात लावला. मधलं एक वाक्य सोडून शेवटचं कसंबसं म्हणाला. केराबाईनं सोडलेलं वाक्य सांगितलं.

"लंगडीचं इचार."

तेही अर्धंच आलं. बिरप्पा आईच्या तोंडाकडं बघत राहिला. इतका वेळ बघत राहिला की ती भाकरीचं फडकं उगाच घडी करू लागली.

"बास," तो म्हणाला. "आज एवढंच. तू नीघ, ऊन उतरलं."

तिला वाटलं, परीक्षेची धास्ती आहे. वाटेत तिनं भुंडीचा धडा स्वतःशीच दोनदा म्हटला, सवयीनं. रविवारी बिरप्पा मास्तरांबरोबर पुण्याच्या गाडीत बसला.

परीक्षा आटोपून तो वाड्यावर आला तेव्हा चैत्राचं ऊन पेटलं होतं. आई काय सांगायचं आणि कसं सांगायचं याची जुळवाजुळव करत पुढं गेली. पण त्यानं वाघरीकडं पाहिलं, एक वीस आणि सहा मेंढरं पाहिली आणि चेहरा जरासुद्धा बदलला नाही. लिंबाचे वाळलेले डहाळे काढून त्यानं बाजूला टाकले.

"तुला कुणी सांगितलं?" तिनं विचारलं.

"तूच सांगितलंस."

"मी? मी तर एका शब्दानं..."

"धा वेळा काळतोंडी इचारलीस, धा वेळा बांडी. भुंडीचं चार बाजारांत एकदाबी न्हाय. पोरकीचं न्हाय, लंगडीचं न्हाय. तू मेंढरं कदी रांग सोडून घेत न्हाईस. म्हनलं, मी इसरंन म्हून हिला भ्या हाय, जी इचारती ती गेली असत्याल. मग मनात मोजली. एकेचाळीस भरली."

केराबाई खाली बसली. "कवा कळलं?"

"त्याच मंगळवारी."

आण्णा तिथंच दोरी वळत होता. त्याचे हात थांबले. "पेपर कसं गेलं मग?" त्यानं विचारलं.

"गेलं," बिरप्पा म्हणाला.

त्यापुढं दोन महिने कुणी तो विषय काढला नाही. ज्येष्ठात मास्तरांचा निरोप आला. केराबाईच गेली. मास्तरांच्या मांडीवर वर्तमानपत्र होतं. त्यांनी ते तिला दाखवलं नाही, दाखवून उपयोगही नव्हता.

"बाकी सगळ्यांत निघाला," ते म्हणाले. "इंग्रजीत निघाला, गणितात तर पहिल्या खेपेपेक्षा दुप्पट. इतिहास-भूगोलात गेला, असं एका ओळखीच्या माणसाकडून काढलंय. सात मार्कांनी." आणि मग त्यांना राहवेना म्हणून म्हणाले, "अहो, पानिपत त्यानं असं लिहिलं असणार की तपासणाऱ्यानं उठून उभं राहावं. काय झालं या पोराला?"

चार कोसांची वाट केराबाईनं कुठं न थांबता तोडली. बिरप्पा ओढ्याकाठी मेंढरांना पाणी दाखवत होता. तिला बघूनच त्याला कळलं.

"सात मार्कानं," ती म्हणाली.

"हं."

"सात मार्क म्हंजे किती मेंढरं?"

त्याला पहिल्यांदा प्रश्न कळला नाही. कळल्यावर तो मेंढरांकडं वळला. "एक. एक आलं असतं तरी भागलं असतं."

"कुटलं?"

"जाऊ दे की, आये."

"कुटलं त्ये सांग."

"भुंडी," तो म्हणाला. "पेपरात कालवाच आला हुता. मी डोळं मिटलं, तर वाघरीच्या तोंडाला मेलेलीच उभी. काळतोंडी, बांडी, चांदणी, सारी. त्येंचं इचारलं न्हवतं ते बी आठवत हुतं. जिती मागं र्‍हायली, त्येंना वाट मिळंना. भुंडीचं तोंडसुदिक दिसलं न्हाय."

भुंडी त्याच्यापासून दहा पावलांवर पाणी पीत होती. तिच्या नाकावर देवीचा एक व्रण होता, बाकी ती चांगली धडधाकट होती.

"मी इचारायला पायजे हुतं," केराबाई म्हणाली.

"तुजी काय चूक न्हाय."

"जित्याची काळजी न्हवती मला."

आण्णा काठी टेकत आला. त्याला काय ते कुणी सांगावं लागलं नाही. तो म्हणाला, "सव्वीस मेंढरांमागं तीन माणसं नगंत. पावण्यातला मायाप्पा गिरणीत हाय, त्येच्याशी बोलून ठिवलंय मी. सोमवारपास्नं जा." बिरप्पानं मान हलवली. आणखी एकदा परीक्षेला बसतोस का, असं आण्णानं विचारलं नाही आणि बिरप्पानंही म्हटलं नाही. आण्णा मेंढरं वळवायला पुढं गेला.

केराबाई तिथंच बसून होती. भुंडीकडं बघता बघता तिचे ओठ हलू लागले. मग आवाज फुटला, "द सुएझ क्यानाल वाज ओपन्ड इन एटीन सिक्स्टी नाईन." पुढचं वाक्य. त्याच्या पुढचं. बिरप्पा पडवीत अडखळला होता ते मधलंही आलं. जहाजांना आफ्रिकेचा वळसा कसा वाचला, मुंबईचा कापूस विलायतेला किती दिवस आधी पोचू लागला, सारं ती एका दमात, कुठं न थांबता, शेवटच्या शब्दापर्यंत म्हणाली. त्यातलं तिला काहीच कळत नव्हतं.

"बरूबर हाय?" तिनं विचारलं.

"व्हय," बिरप्पा म्हणाला. "समदं बरूबर हाय."

तो वळला आणि मागं राहिलेली मेंढरं हाकत आण्णाच्या दिशेनं निघाला.